३२ की ६४, इंटेल की आर्म: ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना नेमकं काय बदलतं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेल्या कंप्युटरांच्या मालकांना एक प्रश्न पहिल्यांदाच पडला: आपलं मशीन नक्की कुठल्या जातीचं? विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे ३२-बिट विंडोज १० आहे, त्यांना ‘अपग्रेड’चं बटण दाबून पुढे सरकता येत नाही. त्यातच आर्म प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप आले, त्यांना लागणारं विंडोज आणखी वेगळं. ॲपलने जून २०२५ मध्ये सांगूनच टाकलं, की मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती. आणि वैतागून कुणी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम डाउनलोड करायला गेलं, तर समोर फायलींची रांग: एएमडी६४, आर्म६४, आय३८६. आपला प्रोसेसर इंटेलचा असेल तर यातली कुठली घ्यायची? (एएमडी६४. का, ते पुढे येईलच.)

यातला निम्मा गोंधळ नावांनी घातलेला आहे. मूळ गोष्ट दोन-तीन कल्पनांवर उभी आहे. त्या एकदा डोक्यात बसल्या, की कुठलं मशीन कशावर नेता येईल, सोबत काय येईल आणि मागे काय राहील, याचा अंदाज आपला आपल्याला करता येतो.

प्रोसेसरला कळतं तरी काय?

आकडे. दुसरं काहीही नाही. प्रत्येक आकडा म्हणजे एखादी आज्ञा किंवा आज्ञेचा भाग: ही किंमत उचल, तिच्यात अमुक मिळव, तिकडे ठेव, तमुक ठिकाणी उडी मार. कुठल्या आकड्याचा काय अर्थ घ्यायचा, हे चिप बनवतानाच तिच्यात पक्कं होतं. अर्थ लावायच्या या ठरलेल्या यादीला इन्स्ट्रक्शन सेट म्हणतात. आपण तिला आज्ञासंच म्हणू.

आज रोजच्या वापरातल्या मशीनमध्ये मुख्यतः दोन कुळांचे आज्ञासंच दिसतात. एक एक्स८६, म्हणजे इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या चिपपासून चालत आलेलं. इंटेल आणि एएमडी दोघांचे नेहमीचे प्रोसेसर यातलेच. दुसरं आर्म. जवळजवळ सगळे स्मार्टफोन, ॲपलच्या एम-मालिकेतल्या चिपा आणि स्नॅपड्रॅगनवाले नवे लॅपटॉप या कुळातले.

या दोघांचं एकमेकांशी किती जमत नाही, ते एका आज्ञेवरून पाहू. कामाचा तुकडा संपला, आता जिथून आलास तिथे परत जा, असं सांगणारी आज्ञा एक्स८६मध्ये एका बाइटची असते: १९५ हा आकडा. ६४-बिट आर्ममध्ये प्रत्येक आज्ञा बरोबर चार बाइटची असते, त्यामुळे सुट्या १९५ ला तिथे अर्थच नाही. एक्स८६च्या आज्ञा मात्र एका बाइटपासून पंधरा बाइटपर्यंत हव्या तशा लांब-आखूड. म्हणून एका कुळासाठी बनवलेला प्रोग्राम दुसऱ्या कुळाच्या चिपला जसाच्या तसा दिला, तर तो हळू चालेल असं नाही, तो चालणारच नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम हाही शेवटी एक मोठा प्रोग्रामच आहे. विंडोज किंवा लिनक्सचा मूळ मजकूर, जो माणसं लिहितात, तो बहुतांशी सगळ्यांसाठी एकच असतो. पण चालवण्याआधी तो त्या-त्या चिपच्या आकड्यांत उतरवावा लागतो. याला कंपाइल करणं म्हणतात. एक मजकूर तीन आज्ञासंचांसाठी कंपाइल केला, की तीन वेगळ्या आवृत्त्या तयार. हे काही आजचं नाही. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० च्या सीडीवर आय३८६, एमआयपीएस, अल्फा आणि पीपीसी असे चार फोल्डर शेजारी शेजारी होते, चार प्रकारच्या प्रोसेसरांसाठी. त्यातला पहिला तेवढा टिकला, आणि पुढच्या पिढीला वाटलं की विंडोज म्हणजे एकच एक वस्तू.

३२ आणि ६४ हे आकडे कशाचे?

बिट म्हणजे ० किंवा १ यांतला एक अंक. प्रोसेसर मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता देतो, आणि ३२-बिट प्रोसेसर तो पत्ता असे ३२ अंक वापरून लिहितो. एखाद्या इमारतीतल्या टपालपेट्यांना दोनआकडीच नंबर द्यायचे ठरलं, तर ०० ते ९९ अशा शंभर पेट्यांवर गाडी थांबते. एकशे एकावी पेटी बनवून भिंतीवर ठोकली, तरी तिच्यावर टाकायला नंबर शिल्लक नाही. ३२ बिटांत असे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, म्हणजे ४ जीबी.

प्रत्यक्षात तेवढेही हाती येत नाहीत. ग्राफिक्स कार्ड आणि इतर भागांशी बोलायलाही याच पत्त्यांतला हिस्सा राखून ठेवावा लागतो. म्हणून ३२-बिट विंडोजवर ४ जीबी रॅम असूनही ‘वापरता येण्याजोगी’ म्हणून तीन-साडेतीन जीबीच दिसते. दुकानदाराने फसवलं असं वाटून रॅमची पट्टी बदलून आणणारे लोक कमी नव्हते. ८ जीबी बसवली तर अर्ध्याहून जास्त नुसती पडून राहते.

यातून पळवाट होती. १९९५ च्या पेंटियम प्रो पासून ३६-बिट पत्त्यांची सोय आली, त्यामुळे ३२-बिट मशीनलाही ६४ जीबीपर्यंत मेमरी गाठता येऊ लागली. सर्व्हरवर ती वापरलीही गेली. पण घरगुती विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने मर्यादा ४ जीबीवरच ठेवली, कारण ४ जीबीच्या पलीकडचा पत्ता समोर आला की बरेच ड्रायव्हर गडबडत होते. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, स्कॅनर, वाय-फाय, ग्राफिक्स अशा एकेका भागाशी बोलण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात जाऊन बसणारा छोटा प्रोग्राम. हा शब्द लक्षात ठेवा, खरी डोकेदुखी हाच करतो.

६४ बिटांत मावणाऱ्या पत्त्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की आजचे बहुतेक प्रोसेसर त्यातले ४८ बिटच वापरतात. त्यातही २५६ टीबीपर्यंतचे पत्ते बसतात.

मग ६४-बिट म्हणजे दुप्पट वेग?

नाही. एखादं पत्र टाइप करताना फरक जाणवणारसुद्धा नाही. फायदा तीन ठिकाणी होतो. मेमरीची अट सुटते. एक्स८६च्या ६४-बिट रूपात चिपच्या आतल्या हाताशी असलेल्या जागा, ज्यांना रजिस्टर म्हणतात, आठाच्या सोळा होतात. त्यामुळे व्हिडिओ, फोटो, कॉम्प्रेशन, एन्क्रिप्शन अशी आकडेमोडीची कामं भरभर होतात. आणि सुरक्षेच्या काही तटबंद्या, उदाहरणार्थ सही नसलेला ड्रायव्हर आत न घेणं, विंडोजने ६४-बिटमध्येच कडक केल्या.

याची किंमतही आहे. पत्ते लांब झाले, की तेच काम करणारा प्रोग्राम थोडी जास्त मेमरी खातो. विंडोज १० ची किमान अट ३२-बिटला १ जीबी आणि ६४-बिटला २ जीबी होती, ती उगाच नव्हे. ज्या मशीनमध्ये २ जीबी रॅम आहे आणि वाढवता येत नाही, तिथे ६४-बिट टाकून वेग वाढायच्या ऐवजी मशीन आणखी कुंथेल, हे आधीच सांगितलेलं बरं.

इंटेलच्या मशीनवर एएमडीचं नाव

६४-बिटकडे जायचा इंटेलचा मूळ रस्ता वेगळा होता. २००१ मध्ये त्यांनी इटॅनियम आणला: कोरी पाटी, पूर्ण नवा आज्ञासंच. जुने ३२-बिट प्रोग्राम त्याच्यावर चालायचे, पण रखडत. एएमडीने उलटं केलं. जुना एक्स८६ आज्ञासंच तसाच ठेवून त्यालाच ६४ बिटांपर्यंत वाढवलं आणि २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि ॲथलॉन ६४ या चिपा बाजारात आणल्या. नवं येतंय आणि जुनंही धडपणे चालतंय म्हटल्यावर लोक तिकडे गेले. २००४ मध्ये इंटेलनेही निमूटपणे तोच विस्तार आपल्या एक्स८६ चिपांत घेतला. इटॅनियमची शेवटची पाठवणी २०२१ मध्ये झाली.

म्हणून लिनक्सच्या फायलींवर आजही एएमडी६४ लिहिलेलं असतं आणि ती फाइल इंटेलवर बिनदिक्कत चालते. एक्स६४, एक्स८६-६४ आणि एएमडी६४ ही तिन्ही नावं एकाच गोष्टीची. आर्म६४ आणि एआर्च६४ ही दुसऱ्या एका गोष्टीची, म्हणजे ६४-बिट आर्मची. आय३८६ म्हणजे ३२-बिट एक्स८६. आणि एक्स८६ हे सगळ्या कुळाचं नाव असलं, तरी विंडोजच्या जगात नुसतं ‘एक्स८६’ लिहिलं की अर्थ घ्यायचा ३२-बिट. ही नावं ठेवणाऱ्यांना एका खोलीत बसवून सरळ करायला हवं होतं, पण ती वेळ गेली.

जुनं नव्यावर चालतं, नवं जुन्यावर का नाही?

एक्स६४ चिप दोन्ही रूपांत वावरू शकते. पण कुठल्या रूपात आहे त्यावर त्याच आकड्याचा अर्थ बदलतो. गंमत म्हणजे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ६४ हाच आकडा आहे. ३२-बिट रूपात ६४ हा बाइट म्हणजे ‘एका रजिस्टरमधली किंमत एकने वाढव’ ही आख्खी आज्ञा. ६४-बिट रूपात तोच बाइट पुढे येणाऱ्या आज्ञेला लावलेली खूण ठरतो. ६४ ते ७९ हे सोळाही आकडे एएमडीने जुन्या कामातून काढून या नव्या कामाला लावले.

रूप बदलायची चावी ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात असते. ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टीम चिपला ६४-बिट रूपात सुरू करते, आणि एखादा ३२-बिट प्रोग्राम आला की त्याच्यापुरतं चिपला जुन्या अर्थाने आकडे वाचायला लावते. विंडोजमध्ये यासाठी जुन्या सिस्टीम फायलींचा एक पूर्ण संच वेगळा ठेवलेला असतो. ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम ती चावी फिरवतच नाही. ६४-बिट रूप असतं हेच तिला ठाऊक नाही, मग ६४-बिट प्रोग्राम ती चालवणार कुठून?

जाता जाता: ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टीम३२ नावाच्या फोल्डरात ६४-बिट फायली असतात आणि सिसवाव६४ नावाच्या फोल्डरात ३२-बिट. छपाईची चूक नाही. ‘सिस्टीम३२’ हे नाव हजारो प्रोग्राममध्ये थेट लिहून ठेवलेलं होतं, ते बदललं असतं तर सगळेच कोसळले असते.

आपल्या मशीनवर काय आहे?

विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट असं जा आणि ‘सिस्टीम टाइप’समोरची ओळ वाचा. तिथे दोन गोष्टी असतात आणि लोक पहिलीच वाचून थांबतात. ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असं असेल तर चिप ६४-बिटची आहे, फक्त तिच्यावर ३२-बिट विंडोज टाकलेलं आहे. ही मंडळी नशीबवान. असं कॉम्बिनेशन सर्रास आढळतं, कारण २००६-०७ नंतरच्या बहुतेक डेस्कटॉप-लॅपटॉप चिपा ६४-बिट आहेत, पण तेव्हा रॅम कमी असायची आणि ६४-बिट ड्रायव्हर मिळायची मारामार होती, म्हणून विकणारे ३२-बिटच टाकून द्यायचे. उत्तरार्धात ‘एक्स८६-बेस्ड’ असेल तर चिपच ३२-बिटची. तिथे पुढचा रस्ता बंद. ‘आर्म-बेस्ड’ असेल तर कुळच वेगळं.

मॅकवर ॲपलच्या मेनूत ‘अबाउट धिस मॅक’ उघडा. ‘चिप’ असं लिहून ॲपलचं नाव असेल तर आर्म, ‘प्रोसेसर’ असं लिहून इंटेलचं असेल तर एक्स८६.

पण अपग्रेड का होत नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि रास्तच आहे. विंडोज ७ वरून १० वर येताना सगळं जागच्या जागी राहिलं, मग ३२ वरून ६४ वर जाताना का नाही?

कारण अपग्रेडमध्ये जुन्याचा बराच भाग तसाच पुढे नेलेला असतो: बसवलेले प्रोग्राम, ड्रायव्हर, सेटिंग्ज, फोल्डरांची रचना. ३२ वरून ६४ वर जाताना गाभा बदलतो, म्हणजे त्यात बसलेला प्रत्येक ड्रायव्हर बाद. प्रोग्राम वेगळ्या फोल्डरात हवेत, त्यांच्या नोंदी वेगळ्या कप्प्यात हव्यात. एवढी हलवाहलव बिनचूक करण्याची हमी मायक्रोसॉफ्टने घेतलीच नाही. त्यामुळे एकच मार्ग उरतो, क्लीन इन्स्टॉल: पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, जुनं पुसायचं, नवं बसवायचं. ६४-बिट पेनड्राइव्ह ३२-बिट विंडोजमध्ये उघडून सेटअपवर डबल-क्लिक केलं तर ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ असा संदेश येतो, आणि बरेच जण पेनड्राइव्ह बिघडला समजून दुसरा आणतात. पेनड्राइव्ह ठीक असतो. ३२-बिट विंडोज ६४-बिट सेटअप चालवू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

लायसन्स पुन्हा विकत घ्यावं लागतं का? त्याच मशीनवर, तीच एडिशन असेल, होमला होम आणि प्रोला प्रो, तर नाही. तेच लायसन्स ३२ आणि ६४ दोन्हींना चालतं.

एक खोडा मात्र माहीत असावा. काही स्वस्त टॅब्लेट आणि छोट्या लॅपटॉपांत ॲटम जातीची ६४-बिट चिप होती, पण मशीन सुरू करून देणारं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे यूईएफआय, ३२-बिटचं होतं. अशा मशीनवर ६४-बिट विंडोजचा पेनड्राइव्ह सुरूच होत नाही. चिप तयार, पण दारावरचा पहारेकरी सोडत नाही.

आणि हेही स्पष्ट असू द्या, की ६४-बिट चिप असली म्हणजे विंडोज ११ मिळेलच असं नाही. टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा चिपमधला भाग), ४ जीबी रॅम, ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर अशा अटी आहेत. ३२-बिट विंडोज चालवणारी बहुतेक मशीन्स वयानेच त्यांत बसत नाहीत. त्यांना मग ६४-बिट लिनक्स, किंवा वाढीव सुरक्षा अपडेटची योजना घेऊन १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० वरच राहणं, हे पर्याय उरतात.

सोबत काय येतं, मागे काय राहतं?

फोटो, गाणी, व्हिडिओ, पीडीएफ, वर्ड-एक्सेलच्या फायली यांना प्रोसेसरशी काही देणंघेणं नाही. बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, नव्या सिस्टीमवर उघडा. फक्त मशीन पुसण्याआधी बॅकअपमधल्या चार-सहा फायली दुसऱ्या कंप्युटरवर खरंच उघडून पाहा. फाइल दिसणं वेगळं आणि उघडणं वेगळं.

प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करावे लागतात. ३२-बिटचे असले तरी एक्स६४वर चालतील आणि चांगले चालतील. ३२-बिट प्रोग्राम म्हणजे काही मागासलेपणा नाही: मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं व्हिज्युअल स्टुडिओ २०२१ पर्यंत ३२-बिटच होतं. तेव्हा प्रत्येक गोष्टीची ६४-बिट आवृत्ती शोधत बसायची गरज नाही. चालतंय ते राहू द्या.

ऑफिसमध्ये मात्र थोडं जपून. एकाच मशीनवर काही एमएस ऑफिस ३२-बिट आणि काही ६४-बिट असं ठेवता येत नाही, आणि ॲड-इन ज्या जातीचे असतील त्याच जातीचं ऑफिस लागतं. जुन्या एक्सेलमध्ये कुणीतरी लिहून ठेवलेले मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम, असतात. त्यांत विंडोजच्या आतल्या सोयी थेट बोलावणाऱ्या ‘डिक्लेअर’च्या ओळी असतील, तर ६४-बिट ऑफिस ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घातल्याशिवाय त्या ओळी स्वीकारत नाही. मॅक्रो लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला असेल तर ६४-बिट विंडोजवर ३२-बिट ऑफिस टाकणं हा शहाणपणाचा मार्ग. तसं करायला काहीच हरकत नाही.

आता ड्रायव्हर. इथे तडजोड नाही: ६४-बिट गाभ्याला ६४-बिट ड्रायव्हरच लागतो. प्रोग्रामसाठी आहे तशी जुनं चालवून घ्यायची सोय ड्रायव्हरसाठी नाही, कारण तो गाभ्याच्या आत बसतो आणि गाभा एका वेळी एकाच रूपात चालतो. बारा-पंधरा वर्षं जुना स्कॅनर, एखादं मोजणी यंत्र, दारावरची हजेरीची पेटी, यांच्या कंपन्यांनी ६४-बिट ड्रायव्हर काढला नसेल, तर तुमचं धडधाकट उपकरण त्या दिवसापासून शोभेची वस्तू. म्हणून माझं मत असं, की पुसण्याआधी मशीनला जोडलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करावी आणि एकेकीच्या नावाने ६४-बिट ड्रायव्हर उतरवून हाताशी ठेवावा. वाय-फाय किंवा नेटवर्क कार्डचा सगळ्यात आधी. त्याच्याशिवाय नव्या सिस्टीमवर इंटरनेट नाही, आणि इंटरनेटशिवाय बाकीचे ड्रायव्हर नाहीत.

आर्म: इथे दरी रुंद आहे

३२ आणि ६४ हे निदान एकाच घराण्यातले. एक्स८६ आणि आर्ममध्ये तेवढंही नातं नाही. मग आर्म लॅपटॉपवर नेहमीचे विंडोज प्रोग्राम चालतात कसे? भाषांतराने. एक्स८६ची आज्ञा वाचायची, त्याच अर्थाच्या आर्मच्या आज्ञा तयार करायच्या, त्या चालवायच्या आणि पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायच्या. याला एम्युलेशन म्हणतात.

पहिला प्रयत्न फसला होता. २०१२ च्या विंडोज आरटीमध्ये ही सोयच नव्हती. दिसायला विंडोज, पण घेणाऱ्याच्या जुन्या प्रोग्रामांपैकी एकही चालेना. २०१७ मध्ये ३२-बिट एक्स८६ प्रोग्रामांचं भाषांतर आलं, विंडोज ११ मध्ये ६४-बिटचंही आलं, आणि २०२४ मध्ये प्रिझम नावाचा सुधारलेला भाषांतरकार मिळाला. ब्राउझर, ऑफिस अशी रोजची मोठी नावं तर आता थेट आर्मसाठीच कंपाइल होऊन मिळतात, तिथे भाषांतराचा प्रश्नच नाही.

पण भाषांतर प्रोग्रामचं होतं, ड्रायव्हरचं नाही. पुन्हा तीच गोष्ट. ज्या गेममध्ये फसवेगिरी पकडणारा भाग गाभ्यात शिरून बसतो तो, काही व्हीपीएन, जुने प्रिंटर, सही करायची यूएसबी टोकन, हे सगळं आर्म६४ ड्रायव्हर असेल तरच चालतं. तेव्हा ‘आर्म लॅपटॉप घेऊ का?’ याला माझं उत्तर असं: काम ब्राउझर आणि ऑफिसमध्ये होत असेल तर खुशाल घ्या, बॅटरी चांगली टिकते. एखाद्या ठरावीक उपकरणावर किंवा जुन्या सॉफ्टवेअरवर पोट चालत असेल, तर ते आर्मवर चालताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

ॲपलने हे संक्रमण जास्त सफाईने केलं, आणि त्याला कारण सराव आहे. १९९४ मध्ये ६८के या जुन्या आज्ञासंचावरून पॉवरपीसी या दुसऱ्या आज्ञासंचावर, २००६ मध्ये पॉवरपीसीवरून इंटेल, २०२० मध्ये इंटेलवरून स्वतःची चिप. दर वेळी भाषांतराचा पूल बांधला, आणि एकाच ॲपमध्ये दोन्ही कुळांच्या आज्ञा भरून द्यायची पद्धत ठेवली. मॅकओएसचा इन्स्टॉलरही दोन्हींसाठी एकच असतो, वापरणाऱ्याला काही निवडावंच लागत नाही. मात्र ॲपल पूल काढूनही टाकतं. पॉवरपीसीचे प्रोग्राम चालवणारं पहिलं रोझेटा २०११ मध्ये गेलं. ३२-बिट ॲप्स मॅकवर २०१९ च्या कॅटालिनाने बंद केली, आयफोनवर २०१७ च्या आयओएस ११ ने. इंटेलचे प्रोग्राम चालवणारं रोझेटा २ देखील मॅकओएस २७ पर्यंतच पूर्ण स्वरूपात मिळेल, पुढे काही जुन्या गेमपुरतं. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘काइंड’ हा रकाना पाहा. ज्या प्रोग्रामसमोर अजून ‘इंटेल’ लिहिलंय, त्यांचा पर्याय शोधायला घ्या.

डिस्कच उचलून नव्या मशीनमध्ये लावली तर?

इंटेलवरून एएमडीवर नेली तर विंडोज १० किंवा ११ बहुतेक वेळा थोडं चाचपडून सुरू होतं, कारण आज्ञासंच एकच आहे. लायसन्सबद्दल मात्र ते कुरकुर करू शकतं. एक्स८६वरून आर्मवर नेलेल्या डिस्कवरचं विंडोज सुरू होणं शक्यच नाही, आणि आख्ख्या डिस्कचा इमेज बॅकअप तिथे उतरवूनही उपयोग नाही. फायली तेवढ्या वाचता येतील.

लिनक्सवाले काय करतात?

त्यांच्याकडे निवड जास्त आणि जबाबदारीही जास्त. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात चालू ३२-बिट सिस्टीम एकेक पॅकेज बदलत ६४-बिटवर नेण्याचा, क्रॉसग्रेड नावाचा प्रकार आहे. करता येतो. पण मध्येच अडकलं तर ना धड हे, ना धड ते. हौस असेल तर करा, एरवी होम फोल्डर जपून नव्याने बसवणं अर्ध्या वेळात होतं.

आणि जुन्या चिपांना लिनक्स कायम सांभाळून घेईल, या भरवशावर फार राहू नका. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराने ३२-बिट डेस्कटॉपची फाइल २०१७ मध्ये थांबवली, फेडोरा या दुसऱ्याने २०१९ मध्ये ३२-बिट गाभा सोडला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. २०१९ मध्ये उबुंटूने जुन्या ३२-बिट प्रोग्रामांना लागणाऱ्या लायब्ररीही काढायचं ठरवलं होतं, तेव्हा गेम खेळणाऱ्यांनी आणि वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी असा गलका केला, की निर्णय फिरवावा लागला. ३२-बिट प्रोग्राम अजून किती ठिकाणी जिवंत आहेत, ते त्यावरून कळलं.

‘चालतंय ना, मग कशाला बदलू?’

इंटरनेटला न जोडलेलं, एकच काम करणारं मशीन असेल, तर खरंच बदलू नका. जोडलेलं असेल तर प्रश्न वेगाचा राहत नाही. नवे ब्राउझर ३२-बिटसाठी निघणं बंद होत चाललंय: क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्ये सोडलं, फायरफॉक्सनेही १४५ व्या आवृत्तीपासून सोडलं. जुन्या ब्राउझरवर पैशांचे व्यवहार करणं धोक्याचं.

आणि ज्याचं काही केल्या जमत नाही असं सॉफ्टवेअर?

विंडोज ३.१ किंवा ९५ च्या काळातले १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत, कारण ते चालवून घ्यायची सोय मायक्रोसॉफ्टने ६४-बिट विंडोजमध्ये ठेवलीच नाही. यात एक छुपा प्रकार असतो: प्रोग्राम ३२-बिटचा, पण त्याचा इन्स्टॉलर १६-बिटचा. प्रोग्राम चालला असता, पण बसतच नाही.

अशांसाठी व्हर्च्युअल मशीन वापरा. म्हणजे ६४-बिट सिस्टीमच्या आत एका खिडकीत ३२-बिट विंडोज बसवायचं, जुना प्रोग्राम त्यात ठेवायचा आणि त्या आतल्या मशीनचं नेटवर्क बंद ठेवायचं. एक्स६४ मशीनवर हे चांगल्या वेगाने चालतं, कारण आतल्या-बाहेरच्या दोन्ही सिस्टीम त्याच चिपच्या आज्ञा वापरतात. आर्म लॅपटॉपवर हाच प्रयोग केला तर प्रत्येक आज्ञेचं भाषांतर करत आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम चालवावी लागते, आणि ती इतकी रेंगाळते की रोजच्या कामाला निरुपयोगी. तेव्हा असा एखादा प्रोग्राम ज्यांच्याकडे आहे, त्यांनी एक जुनं एक्स६४ मशीन भंगारात न देता ठेवून द्यावं.